उमेदवारी

दोन वर्षांपूर्वी, परीक्षा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास, दोन विद्यार्थिनी एकाच सकाळी मला भेटायला आल्या. पुण्यातल्या एका पेठेत माझा व्यवसाय आहे, अगदी बेताचा. पुस्तके काढायची, आणि ती छापखान्यात जाण्यापूर्वी तपासून शुद्ध करायची. कॉलेजच्या मुलांना अलीकडे काही आठवडे असे कुठेतरी प्रत्यक्ष काम करावे लागते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर त्याचे श्रेयांकही मिळू लागले आहेत. त्याला इंटर्नशिप म्हणतात, आणि मराठीतही आता तोच शब्द रुळला आहे.

पहिली मुलगी म्हणाली, "सर, मला फक्त शिकायचंय." दुसरी सोलापूरकडची. तिने माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "सर, महिन्याला काही मिळेल का?"

खोटे कशाला सांगू, मला तो प्रश्न आवडला नाही. ऱ्हस्वदीर्घ अजून नीट कळत नाहीत आणि आधी पैशाची भाषा! मी काहीसा गंभीर होऊन म्हणालो, "इथे शिकायला मिळेल." ती "बरं, सर" म्हणाली आणि गेली. तिचा अर्ज टेबलावरच राहिला. संध्याकाळी आवराआवर करताना तो उलटा झाला, तर पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडलेला. सुट्टीत वसतिगृह बंद, म्हणून एका कॉटचे भाडे, दोन वेळचा डबा, बसचा पास. खाली बेरीज, आणि बेरजेखाली दोन रेघा.

पहिली मुलगी कामावर आली. तिची मावशी कोथरूडला राहते. मुलगी गुणी, कष्टाळू. तिच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती माझ्याविषयी आहे.

आपल्या भाषेत या प्रकाराला फार जुना शब्द आहे: उमेदवारी. निवडणुकीतला उमेदवार हा त्या घराण्यातला अलीकडचा. त्याच्या आधीचा उमेदवार कचेरीत कोपऱ्यात बसून नकला करी, दप्तरे बांधी, पगार घेत नसे आणि कधीतरी जागा रिकामी होईल या उमेदीवर दिवस काढी. शब्दातच त्याचे वेतन लिहिलेले आहे!

या गोष्टीचे समर्थन करणारे लोक गुरुकुलाचा दाखला देतात. मीही पूर्वी देत असे. शिष्य गुरूच्या घरी लाकडे फोडीत नव्हता का? फोडीत होता; पण जेवायला तो गुरूच्याच घरी बसे, आणि निजेही तिथेच. सोनाराकडे किंवा शिंप्याकडे शिकणाऱ्या पोराच्या पोटाची काळजीही बहुधा उस्तादाकडेच असे. आपल्या पुण्यात तर गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात मानहानी होती, पंक्तिभेद होता, आणि ज्यांना कुणी वार देत नसे अशा मुलांची आठवण तर आपण काढतच नाही. तरीही शिकणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न हा शिकवणाऱ्याचा नि गावाचाही प्रश्न आहे, इतके त्या व्यवस्थेला ठाऊक होते. आम्ही परंपरेतले लाकडे फोडणे तेवढे उचलले आणि पंगत सोडून दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हे सूत्र घराघरांत नेले. त्यात 'कमवा' आधी आहे, हे माझ्या इतक्या उशिरा लक्षात आले.

कायद्यालाही हे कळते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातल्या शिकाऊ मुलाला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले. २०२४ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेत मोठ्या कंपन्यांतल्या प्रशिक्षणार्थींना महिना ५,००० रुपये ठरले. त्यांतले ५०० कंपनीचे, उरलेले सरकारचे. (मोठ्या कंपन्यांच्या पदरी पाचशे! असो.) पण कॉलेजच्या पत्रावर माझ्यासारख्याकडे येणारी मुलगी यांपैकी कशात बसते? बहुधा कशातच नाही. तिथे उरते ती फक्त माझी सदसद्विवेकबुद्धी, आणि तिने तर त्या सकाळी "इथे शिकायला मिळेल" असे उत्तर दिले होते.

"शिकणाऱ्याचे काम ते काय!" हा दुसरा युक्तिवाद. पहिले दोन आठवडे तो खरा असतो. तिच्या चुका काढण्यात माझाच वेळ जाई. पण तिसऱ्या आठवड्यापासून तिने तपासलेली मुद्रिते मी फक्त वरवर चाळत होतो. त्या सुट्टीत एक अख्खे पुस्तक तिच्या नजरेखालून गेले. तेच बाहेर दिले असते तर पानामागे पैसे मोजले असते. ते पुस्तक मी विकले. तिला प्रमाणपत्र दिले आणि निरोपाला पेढे.

तरीही तिचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. तिला पुढे या कामाचा उपयोग होईल. नुकसान झाले ते दुसरीचे, आणि अवघड गोष्ट ही की ते कुठेच दिसत नाही. पुढे कुणी तिला विचारील, "अनुभव आहे का?" आणि ती नाही म्हणेल. विचारणाऱ्याला वाटेल, मुलीत उमेद कमी. मलाही तसेच वाटले नव्हते का? जिच्याकडे मावशी होती तिच्या तोंडी ज्ञानाची तळमळ शोभली. जिच्याकडे नव्हती तिच्या तोंडी हिशेब आला, आणि मी त्याला लोभ समजलो.

गेल्या वर्षीपासून मी पैसे देतो. त्या पेन्सिलीच्या बेरजेइतके, थोडे वर. पण माझ्या धंद्याला एवढा भार एकाच विद्यार्थ्याचा सोसतो. फुकटात दोघे सहज मावत. म्हणजे माझ्या न्यायाने एक जागा कमी झाली, हेही खरेच. यंदा कॉलेजकडून पत्र आले आहे: दोन मुले पाठवतो, दोघेही होतकरू आहेत, मानधनाची अपेक्षा नाही. शेवटचे वाक्य मुलांनी लिहिलेले नाही, हे उघड आहे. ते पत्र आठ दिवस टेबलावर आहे. मी ते उलटूनही पाहिले. पाठीमागे काही नव्हते. उत्तर अजून लिहिलेले नाही.