वाचवल्यानंतरचे दिवस

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळ तालुक्यातल्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. आसपासचे गावकरी धावले. वन्यजीव रक्षक मावळ, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, आपदा मित्र, एनडीआरएफ असे सगळे नदीत उतरले. मावळाला हे नवं नाही. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही शोधकार्यात शिवदुर्गची मुलं होती. गडकिल्ल्यांच्या वेडातून एकत्र आलेली ही मुलं. पोटापाण्याचे उद्योग सांभाळून, फोन आला की दोर घेऊन निघतात. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत.

पण जखमी माणूस रुग्णवाहिकेत चढला की बातमी संपते आणि घरच्यांची खरी परीक्षा सुरू होते. मोडलेलं हाड, मणक्याचा मार, हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू, काहीही असो; डिस्चार्जचा कागद हातात पडला म्हणजे माणूस बरा झाला, असं होत नाही. पुढचे तीन-चार महिने त्याला कोण उठवतं, कोण बसवतं, ड्रेसिंगला पिंपरीपर्यंत कोण नेतं, यावर त्याचं बरं होणं ठरतं. या दिवसांतल्या आधाराबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

जूनमध्ये मावळात भाताची रोपं टाकलेली असतात आणि जुलैत लावणी येते. ती कुणाच्या प्लास्टरसाठी थांबत नाही. कर्ता माणूस खाटेवर आणि खाचरात पाणी तुंबलेलं, अशा वेळी इर्जिक होते. भावकीतली, आळीतली माणसं आपली लावणी दोन दिवस मागे टाकून येतात. कुणी पॉवर टिलरनं चिखलणी करून देतं, बायका ओळीनं रोपं लावत जातात. मजुरी कुणी मागत नाही. रिवाजाप्रमाणे जेवण शेतमालकाच्या घरचं. पण मालकीण दवाखान्यात असेल, तर भाकरीची दुरडीही शेजारच्याच घरातून येते. त्या वर्षीचा इंद्रायणी तांदूळ घरात येतो तो असा. गावात एखादा वॉकर, एखादी कमोडची खुर्ची घरोघर फिरत असते. ती मुळात कुणी विकत घेतली, हेही कुणाला आठवत नाही. एकाचं काम झालं की धुऊन-पुसून दुसऱ्याच्या ओसरीवर पोचते.

या आधाराचा मोठा वाटा बायका उचलतात. गरम पेज आणणारी शेजारीण, आजाऱ्याचे कपडे धुणारी जाऊ, त्याच्या पोरांना आपल्या पोरांबरोबर शाळेत धाडणारी समोरची वहिनी. सत्कार होतो तेव्हा शाल-श्रीफळ मंडळाच्या अध्यक्षांना मिळतं. या बायकांना कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. त्याहून वाईट म्हणजे हे त्यांचं कामच आहे, असं आपण धरून चालतो. जे आपण गृहीत धरतो त्याबद्दलची कृतज्ञता खरी नव्हे, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. हा आधार ज्याला गाव आहे, त्यालाच मिळतो. तळेगाव एमआयडीसीच्या आसपास पत्र्याच्या खोल्यांत चार-चार जण भाड्यानं राहतात. बिहार, ओडिशा, मराठवाडा, कुठून कुठून आलेले. लोणावळ्यातल्या बंद बंगल्यांवर एकटे रखवालदार आहेत. निवृत्तीनंतर हवेसाठी इथे येऊन राहिलेली, मुलं परदेशी असलेली म्हातारी जोडपी आहेत. यांच्यापैकी कुणी आजारी पडलं तर इर्जिक कोण घालणार? भावकी नाही, आळी नाही. खोलीतले बाकीचे तिघे पाळीवर गेले की माणूस दिवसभर छताकडे पाहत पडून राहतो. आपल्याला आपल्या माणसांनी सावरलं, याचा आनंद मानताना त्या खोलीचं दार आपल्याला दिसत नसेल, तर आपली कृतज्ञता उंबऱ्याच्या आतच राहिली.

गावकऱ्यांच्या चांगुलपणाची आरती ओवाळून सरकारला सुटू देणंही बरोबर नाही. कुंडमळ्याचा पूल धोकादायक आहे, हे आधीपासून ठाऊक होतं. जखमींच्या उपचाराचा खर्च शासनानं उचलला, हे योग्यच झालं. पण ती वेळ येऊ न देणं हे शासनाचं पहिलं काम होतं. उपचारांनंतर गावातच फिजिओथेरपी मिळणं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून परिचारिका घरी येऊन जखम पाहून जाणं, ही कामं शेजाऱ्यांवर सोडता येत नाहीत. शेजारी पेज देईल, मोडलेल्या गुडघ्याला व्यायाम कसा द्यायचा हे त्याला कोण शिकवणार?

मग आपण काय करायचं? ज्यांनी आपल्याला उचललं, त्यांची फेड त्यांनाच करता येईल असं नाही. देव करो आणि तशी वेळ त्यांच्यावर न येवो. इर्जिकीचा हिशेबही असाच असतो. यंदा ज्यानं आपली लावणी उरकून दिली, त्याच्याच बांधावर उद्या आपली गरज लागेल असं नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी लागेल. तो दुसरा कुणी रस्त्यावरचा अनोळखी जखमीही असू शकतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती जुनी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानं आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं अशा माणसाला संरक्षण दिलं आहे. एक्स्प्रेसवे आणि जुना महामार्ग ज्या तालुक्यातून जातात, तिथल्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवं. आजारातून उठलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : डॉक्टरांनी परवानगी दिली की प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या, घरातल्या धडधाकट माणसांना रक्तदानाला पाठवा, ग्रामपंचायतीच्या खर्चानं चार वॉकर आणि दोन खुर्च्या गावासाठी घेऊन ठेवायचा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि त्या पत्र्याच्या खोलीत कुणी पडून आहे असं कानावर आलं, तर डबा घेऊन स्वतः जा.