“मला येता येत नाही”
शास्त्रपाठ : लूक १४:१५-३३



लूक १४:२६ हे वचन संडेस्कूलच्या वर्गात आले की शिक्षक अडखळतात व घाईने पुढे सरकतात. आईबाप, बायकोमुले यांच्यासंबंधाने प्रभू तेथे ‘द्वेष’ हा शब्द वापरतो. ज्याने वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावली (योहान १९), आणि देवाला दान दिल्याचे निमित्त सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना ज्याने खडसावले (मार्क ७), तो घरच्यांचा तिरस्कार करावयास शिकवील काय? उत्पत्ती २९ उघडून पाहा. याकोबाची राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती. आणि लगेच पुढच्या वचनात लेआविषयी जो मूळ इब्री शब्द येतो तो द्वेषाचाच आहे. आपण मराठीत आवडती-नावडती म्हणतो, तसा हा प्रकार. दोन प्रीतींची ओढाताण झाली तर वर कोणती राहील, एवढेच प्रभू विचारतो.

परंतु हे वचन येते कोठे, हेही पाहिले पाहिजे. त्याच्या थोडे आधी मोठ्या जेवणाचा दाखला आहे. एकाने शेत घेतले, दुसऱ्याने पाच जोड्या बैल घेतले, तिसऱ्याने लग्न केले, म्हणून कोणालाच येता येत नाही. आपल्या बालाघाटच्या धानाच्या मुलखात ही माणसे ओळखीची वाटतील. बैल संध्याकाळच्या जेवणानंतरही पारखता आले असते. आणि त्या नव्या नवरीने नवऱ्याला अडविले, असे दाखल्यात कोठेच नाही. नाव बायकोचे, इच्छा याची! आपलेही पुष्कळदा असेच होते. उपासना चुकते ती ‘घरी पाहुणे आले’ म्हणून, दानाचा हात आखडतो तो ‘मुलांच्या शिक्षणासाठी’. आणि बारकाईने पाहिले तर कुटुंबाच्या आड आपली सोयच बसलेली असते. आजाऱ्याच्या उशाशी बसून ज्याची उपासना चुकली, त्याला हे लागू नाही.

खरोखर किंमत मोजणारे एक घर आपल्या शेजारच्या वाटेवरचे आहे. नागपूरहून गोंदियावरून राजनांदगावला जाणारी रेल्वे आपल्या परिचयाची आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक संस्थानातील नोकरीसाठी राजनांदगावास निघाले असता गाडीत एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट आपण टिळकांच्या त्यागाची म्हणून सांगतो. मला वाटते, अर्धीच सांगतो. टिळकांनी निवड केली होती. लक्ष्मीबाईंनी केली नव्हती. चितपावन ब्राह्मण घरातील ती बाई नवरा जिवंत असून एकाकी झाली. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने तिने चार-पाच वर्षे काढली. त्या काळातले दुःख तिने ‘स्मृतिचित्रे’त काही न झाकता लिहिले आहे. विश्वासासाठी पाऊल उचलणाऱ्याने बुरुज बांधण्याचा खर्च आधी मोजावा, असे प्रभू याच अध्यायात सांगतो. त्या हिशेबात दुसऱ्याच्या डोळ्यांतले पाणीही धरावे लागते. ते धरूनही टिळक मागे फिरले नाहीत, येथे त्यांचा विश्वास दिसतो. आणि ख्रिस्त मिळाला, आता बायको नसली तरी चालेल, असेही त्यांनी म्हटले नाही, येथे त्यांची प्रीती दिसते. त्यांची पत्रे जात राहिली.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी हा दुसरा भाग मुलांना अवश्य सांगावा. नाही तर प्रभूचे नाव पुढे करून आईचे न ऐकण्याची सवलतच या वचनात आहे, असे एखादे चलाख मूल समजेल. मोठी माणसेही तसे समजतात. मंडळीच्या कामासाठी सदैव बाहेर आणि घरच्यांशी सदैव फटकून, असे सेवक आपण पाहिले आहेत.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरकडे टिळकांजवळ राहावयास आल्या, त्या आपले सोवळेओवळे व वेगळा स्वयंपाक सांभाळूनच. टिळकांनी ते चालू दिले. ज्या माणसाने आपल्या विश्वासासाठी घर मोडू दिले, त्याने पत्नीच्या चुलीवर मात्र जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हा विचार तिच्या मनात तिचा तिलाच आला. आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी प्यावयास तिला अडचण वाटेना. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.