मजुरी दिली म्हणजे हिशेब फिटला काय?

(अनुवाद १६ : १३-१५ व रूथ २ : १४ ही वचने वाचावी.)

पावसाळा सरून शरद ऋतूचे स्वच्छ ऊन पडू लागले म्हणजे मुळशी व मावळ या तालुक्यांत भाताची कापणी व झोडणी सुरू होते. अलीकडे या दिवसांत पुणे शहरातील पुष्कळ कुटुंबे तिकडील शेतकऱ्यांच्या घरी सुगीचा सण पाहावयास जातात. माणशी ठरलेली रक्कम देऊन ती खळ्यावरील झोडणी पाहतात, बैलगाडीत बसतात, चुलीवरची भाकर खातात व सायंकाळी शहरात परततात. यास कृषी पर्यटन असे नाव असून महाराष्ट्र सरकारने सन २०२० त त्यासंबंधी धोरणही ठरविले आहे. आपल्या मंडळ्यांतील ज्यांस शेती आहे त्यांनी असा पाहुणचार पैसे घेऊन करावा काय, आणि जे आपले लोक शहरात राहतात त्यांस पैसे देऊन पाहुणे होता येते काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

कित्येक म्हणतात की पाहुणचार विकणे हे अशोभनीय आहे. आमचे मत तसे नाही. कामकरी आपल्या वेतनास योग्य आहे. भात बाजारात नेले म्हणजे त्याचा भाव दुसरेच ठरवितात. घरी आलेल्या पाहुण्याचा रुपया मात्र थेट त्या घराच्या हाती पडतो. शिवाय पुण्यात सन १८८६ पासून मंडई उभी आहे, पण तेथे भाजी घेणाऱ्यास ती पिकविणाऱ्याचे तोंड क्वचितच दिसते. शेतावर आल्याने ते दिसले, तर त्यात हितच आहे.

परंतु येथे एक फसगत होण्याजोगी आहे. रक्कम दिली म्हणजे आपला हिशेब फिटला, असे पाहुण्यास वाटते. आणि मजुरी चोख दिली म्हणजे आपला हिशेब फिटला, असे मालकास वाटते. पाहुणा झोडणीच्या वेळी येतो. आषाढाच्या पावसात गुडघाभर चिखलात वाकून ज्या बायांनी लावणी केली, त्या त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. पाहुण्यांची पंगत बसते तेव्हा त्या बहुधा घरी गेलेल्या असतात, किंवा मागल्या दारी भांडी घाशीत असतात.

आता मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहू. इस्राएल लोकांचा मांडवांचा सण हा शरद ऋतूतीलच सण होता; खळ्यातील व द्राक्षकुंडातील उत्पन्न गोळा झाल्यावर तो सात दिवस पाळीत. त्या सणात आनंद कोणी करावा याची यादीच देवाने घालून दिली आहे. घरधनी, मुलगा व मुलगी यांच्या मागोमाग दास व दासी यांची नावे येतात, आणि त्यानंतर लेवी, परका, पोरका व विधवा यांची. दासदासींस अन्नवस्त्र मिळतच होते; मग त्यांचे नाव येथे का घातले? याचे कारण आम्हांस असे दिसते की, श्रमाचे ऋण मजुरीने फिटते, पण आनंदाचे ऋण मजुरीने फिटत नाही. पीक देवाने दिले आहे. पाऊस मालकाने पाडला नाही. म्हणून त्या पिकाचा आनंद एकट्या मालकाचा असू शकत नाही.

कोणी विचारील, आनंद हा आज्ञेने होतो काय? मनातील भाव आज्ञेने उत्पन्न होत नाही, हे खरे. पण आनंदाची वाट अडविणाऱ्या गोष्टी आज्ञेने दूर करता येतात. बसावयास जागा, पोटभर जेवण, कामातून विसावा व नावाने मारलेली हाक, एवढे ज्यास मिळाले नाही त्यास आनंद कर असे सांगणे ही थट्टा होय.

हे आपल्याला दुसऱ्याने शिकवावयास नको. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळ जण बलुत्यासाठी परक्याच्या खळ्याच्या कडेला उभे राहिले आहेत. त्यांच्या पदरात धान्य पडे. पण विटाळाच्या भयाने त्यांस रासेपासून दूर ठेवीत. वाटा मिळे, जागा मिळत नसे. सन १९२८ त डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयी बिल आणले, आणि सन १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. कायद्याने ते उभे राहणे बंद झाले. परंतु आज ज्यांच्या स्वतःच्या शेतात रास पडते, त्यांनी आपल्या मजुरास, मग तो कातकरी असो की अन्य कोणी, त्याच कडेला उभे केले, तर आपण त्या दुःखातून काय शिकलो?

यास मोठा खर्च लागतो असेही नाही. बवाजाने रूथ या परक्या विधवेस सरवा वेचू दिला, एवढ्याने नियमशास्त्राची मागणी पुरी झाली होती. पण जेवणाच्या वेळी त्याने तिला कापणाऱ्यांच्या शेजारी बसविले आणि भाजलेले धान्य तिच्या हाती दिले. आपल्याकडील हुरड्यासारखेच ते साधे खाणे! आपल्या गावांतील इर्जिकीची चालही अशीच होती. शेजारी येऊन काम करीत व घरधनी त्यांस जेवू घाली. तेथे जो कामकरी तोच पाहुणा. पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्तीमध्येही, सन १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या विधवा व मुली ज्या मळ्यात राबत, तो मळा त्यांच्याच घरचा होता.

म्हणून आमची विनंती अशी की, ज्या घरी पैसे देणारे पाहुणे येतील, त्या घराने लावणी व कापणी करणाऱ्यांस त्याच पंगतीस बसवावे. शहरातून जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी, हे भात कोणी लावले, असे विचारावे व त्यांस भेटल्यावाचून परतू नये. जमल्यास पुढील आषाढात लावणीसही जावे. आणि उपदेशक बंधूंनी मंडळीच्या सुगीच्या सणात ध्यान द्यावे की, अर्पण आलेल्या भोपळ्यांचा व कोंबड्यांचा लिलाव होण्यापूर्वी सर्वांचे एकत्र जेवण व्हावे. लिलावात मोठी बोली करणाऱ्याचे नाव सर्वांस ऐकू जाते. दोन अंडी आणणारी विधवा मागे बसलेली असते. पंगतीत तिला आधी बोलवावे.