पाठचिकित्सा आणि एक जुनी मोटरसायकल

छापील पुस्तकाची प्रत आणि हस्तलिखित यांतील भेद साहित्याच्या अभ्यासकाला समजावून सांगावा लागत नाही. छापील प्रत हरवली तर दुसरी घेता येते. हस्तलिखित हरवले तर ते गेलेच. कारखान्यात एकाच साच्यातून निघणारी वस्तू तत्त्वतः पहिल्या वर्गातली. १९८५ मध्ये भारतीय रस्त्यांवर आलेली आणि १९९६ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती यामाहा आरएक्स १०० अशीच वस्तू होती. ५० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, तेवढीच पिस्टनची धाव, ९८ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन. या आवृत्तीची कोणतीही प्रत दुसरीच्या जागी चालली असती. अस्सल आणि नक्कल हा भेद चित्राच्या बाबतीत अर्थपूर्ण ठरतो, संगीतरचनेच्या किंवा कवितेच्या बाबतीत ठरत नाही, असे विवेचन नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये केले. त्या विभागणीत नवी मोटरसायकल कवितेच्या बाजूला बसते. तिचा आराखडा हीच तिची संहिता.

परंतु तीस-चाळीस वर्षांच्या वापरानंतर हे स्थान टिकत नाही. टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघ्यांनी घासून विटलेला रंग, किकच्या दांड्यावरचे एका बाजूनेच झिजलेले रबर, हँडलपाशी चावीच्या जुडग्याने काढलेले ओरखडे ही सारी एका विशिष्ट शरीराची अक्षरे असतात. छापील प्रतीचे येथे हस्तलिखित झालेले असते. वडिलांची गाडी घराच्या पडवीत खोलून बसलेल्या मुलापुढचा प्रश्न म्हणूनच केवळ यांत्रिक राहत नाही. त्याला दुरुस्त काय करायचे आहे? १९८५ चा आराखडा, की वडिलांची गाडी? या दोन्ही गोष्टी एकाच लोखंडात आहेत आणि एकीला उजाळा देताना दुसरी बहुधा पुसली जाते.

हौशी वर्तुळांत या बाबतीत एक नीतिनिर्णय गृहीत धरलेला आढळतो. गाडी 'शोरूम'सारखी करणारा मूळाशी एकनिष्ठ. हँडल बदलणारा, सीट छाटून रेसरचा घाट देणारा मूळाचा अपराधी. हा निर्णय तपासून घेण्याजोगा आहे. शोरूमसारखी केलेली गाडी वस्तुतः काय असते? टाकी खरवडून नव्याने रंगवलेली, पट्टे आणि अक्षरे आज छापलेली, क्रोम नव्याने चढवलेला. मधली सारी वर्षे घडलीच नाहीत असे ती सांगते. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये वास्तूंच्या जीर्णोद्धारावर असत्याचा आरोप केला तो नेमका याच कारणास्तव. रस्किन यांचा उपाय मात्र मोटरसायकलीला लागू पडत नाही. भग्न मंदिर भग्नावस्थेतही मंदिर म्हणून वाचता येते. न चालणारी मोटरसायकल हळूहळू भंगार होते.

अधिक उपयोगी दृष्टी पाठचिकित्सेत सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्यासांच्या मुखातला पाठ दिल्याचा दावा करीत नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचाच पाठ ती देते. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीत जेथे निश्चिती कमी तेथे पाठाखाली नागमोडी रेघ येते आणि वगळलेले पाठभेद तळटीपांत राहतात. संपादकाचा हात त्यामुळे झाकला जात नाही. चेझारे ब्रांदी यांनी १९६३ मध्ये कलाकृतींच्या पुनःस्थापनेसाठी जवळजवळ हीच अट घातली: दुरून वस्तू अखंड दिसावी, जवळून पाहणाऱ्याला मात्र नवी भर ओळखता यावी. या निकषावर शोरूमसारखी गाडी ही तळटीपा फाडून टाकलेली आवृत्ती ठरते. उघडपणे बदललेली गाडी निदान कोणाची फसवणूक करीत नाही. तिला कोणी मूळ समजत नाही, जसे रूपांतराला कोणी मूळ नाटक समजत नाही.

याचा अर्थ रूपांतरकाराला सारे माफ असा नव्हे. हँडल बदलले तर जुने माळ्यावर ठेवता येते. सीटच्या आटोपशीर घाटासाठी चेसिसचा मागचा भाग कापला की तो पाठभेद कायमचा गेला, आणि उत्पादन थांबलेल्या गाडीच्या बाबतीत ती हानी केवळ मालकाची राहत नाही. पण येथेही निष्ठावंताला बोट दाखवणे सोपे नाही. झिजलेल्या सिलिंडरला बोअर करून अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवावा लागतो. लेथवर निघालेला तो धातू परत येत नाही. चालू ठेवणे हेच थोडे थोडे नष्ट करणे असते.

मग गाडी 'तीच' कशाने राहते? नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी विचारलेला प्रश्न हाच: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? अवयवांच्या आधाराने चालणारा 'रथ' हा व्यवहारातला शब्द आहे, हे त्याचे उत्तर. थीसियसच्या नौकेच्या कोड्यात हॉब्ज यांनी काढलेल्या जुन्या फळ्या जमवून दुसरी नौका उभारणारा माणूस आणला. जुने पिस्टन आणि रिंगा डब्यात जपणाऱ्याला त्याची ओळख लगेच पटावी. कायद्याने हा घोळ मिटवला आहे तो जवळजवळ नागसेनाच्याच रीतीने, म्हणजे नावाने. फक्त येथे नाव चेसिसवर ठोकलेला क्रमांक असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार नाकारला. निर्मात्याचा हेतू हाच अंतिम अर्थ, ही साहित्यविचाराने केव्हाच संशयास्पद ठरवलेली भूमिका रस्त्यावर अशी अबाधित उभी आहे. आणि ब्रेकचा प्रश्न असेल तेथे ती तशी असण्याला कारणही आहे.

मूळनिष्ठेची सर्वांत अवघड कसोटी मात्र धुराची. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळते आणि ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच बाहेर टाकते. सायलेन्सरमधली जाळी काढून आवाज वाढवणारा हौशी शेजाऱ्यांचा अपराधी आहे हे कोणीही मान्य करील. पण इंजिन तंतोतंत मूळाबरहुकूम लावणाराही १९८५ ची हवा आजच्या रस्त्यावर सोडतो. संहितेशी इमान राखताना वाचकाच्या फुप्फुसांचा विचार करण्याची वेळ पाठचिकित्सकावर सहसा येत नाही. तेवढ्यापुरते मोटरसायकलीचे संपादन अधिक कठीण आहे.

जुनी टाकी उतरवली की सीटखाली दडलेल्या तिच्या कडेवर ऊन न लागलेला कारखान्याचा रंग सापडतो. नवी छटा जुळवण्यासाठी रंगारी त्याचाच नमुना घेतात, आणि काम झाल्यावर सवयीने त्यावरही फवारा मारतात. तो तळहाताएवढा भाग मोकळा ठेवायला एखाद्याने सांगितलेच, तर रंगाऱ्याला आधी ते काम अर्धवटच वाटते.