वॉल्सिंगहॅम: सहलकरी आणि यात्रेकरू

लिटल वॉल्सिंगहॅम हे पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातले एक खेडे. उत्तरेला पाचेक मैलांवर वेल्स-नेक्स्ट-द-सी हे बंदराचे गाव, दक्षिणेला जवळपास तेवढ्याच अंतरावर फेकनहॅमची बाजारपेठ आणि अधेमध्ये सातूची शेते. हाय स्ट्रीटवर लाकडी सांगाड्याची जुनी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. कॉमन प्लेस या चौकात सोळाव्या शतकातले आठकोनी पंपघर आहे. जवळच्या शायर हॉलमध्ये जुने न्यायालय जपून ठेवले आहे आणि तिथेच गावाचे संग्रहालय आहे. फेब्रुवारीत पडक्या मठाच्या आवारात स्नोड्रॉपची पांढरी फुले उमलली की ती पाहायला लांबून माणसे येतात. गावाबाहेरून वेल्सपर्यंत सव्वादहा इंच रुंदीच्या रुळांवरून धावणारी आगगाडी १९८२ साली सुरू झाली. लहान मुलांना घेऊन येणारे तिच्यासाठीच येतात. आणखी वेळ असला तर होल्कम हॉल हा अठराव्या शतकातला प्रासाद आणि त्यापुढचा अफाट वाळूचा किनारा आहे, मॉर्स्टनहून होडीने ब्लेकनी पॉइंटचे सील पाहता येतात.

एका दिवसाच्या सहलीला एवढे पुरेसे आहे. पण मध्ययुगात कँटरबरी सोडले तर इंग्लंडमध्ये या गावाच्या तोडीचे तीर्थक्षेत्र नव्हते. आकाशगंगेलासुद्धा लोक वॉल्सिंगहॅमची वाट म्हणत, इतकी ही यात्रा त्यांच्या अंगवळणी पडली होती. आजही इथे यात्रेकरू येतात आणि सहलकरीही येतात. तीच गल्ली, तेच चहाचे दुकान दोघांचे असते. म्हणून धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न इथे डोळ्यांसमोर उभा राहतो: पावित्र्य जागेत असते की येणाऱ्याच्या मनात? जागेत असेल, तर मजेखातर आलेल्यालाही ते लाभायला हवे. मनात असेल, तर इतक्या लांब यायचे कशासाठी?

आख्यायिका अशी की १०६१ साली रिशेल्डिस नावाच्या एका धनिक स्त्रीला कुमारी मरियेचे दर्शन झाले. मरियेने तिला नाझरेथमधले आपले घर दाखवले. देवदूत गॅब्रिएलने येशूच्या जन्माची वार्ता मरियेला जिथे दिली, ते हे घर. तसेच घर इथे बांध, असे तिने सांगितले. कुरणात दव पडलेले असताना दोन जागा तेवढ्या कोरड्या राहिल्या होत्या. सुतारांनी एका जागी काम धरले, पण काही केल्या ते जुळेना. रातोरात घर आपोआप उभे राहिले ते दुसऱ्या जागी. ही कथा आज ज्या पद्यात मिळते ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापलेले आहे, आणि कागदपत्रांचा आधार घेणारे इतिहासकार घराचा आरंभ बाराव्या शतकात धरतात. ऑगस्टिनियन पंथाचा मठ त्याच शतकाच्या मध्यास इथे आला, हे मात्र नक्की. १४७९ साली विल्यम वूस्टर या प्रवाशाने घर मोजून ठेवले: लांबी साडेतेवीस फूट, रुंदी तेरा फुटांना थोडी कमी.

म्हणजे इंग्लंडचे हे महाक्षेत्र मुळातच एक प्रतिकृती होते. नाझरेथ पाहिलेले लोक त्या काळी फार थोडे. ज्याला पॅलेस्टाइनपर्यंत जाणे जमणार नव्हते त्याच्यासाठी नाझरेथ नॉरफोकमध्ये आले. मराठी वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. प्रति-पंढरपूर आणि प्रति-शिर्डी आपल्याकडे आहेतच, आणि तिथे हात जोडणाऱ्याला आपला नमस्कार दुय्यम ठरतो असे वाटत नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञानात मात्र हा मुद्दा अवघड आहे. देव एका ठरावीक काळी, ठरावीक गावी माणूस म्हणून जन्मला, हा त्या धर्माचा पाया. त्यामुळे त्या गावाच्या मातीला मोल येते, आणि ते मोल दुसरीकडे नेता येते का हा प्रश्नही उभा राहतो. उलट योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनी स्त्रीला सांगतो की खरी उपासना या डोंगराशीही बांधलेली नाही आणि जेरुसलेमशीही नाही. या दोन टोकांमधली ओढाताण ख्रिस्ती परंपरेतून कधी गेलेली नाही. चौथ्या शतकात नीसाचा ग्रेगरी स्वतः जेरुसलेमला जाऊन आला आणि त्यानेच पुढे लिहिले की जागा बदलल्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही.

वॉल्सिंगहॅमवरही याच अंगाने टीका झाली. चौदाव्या शतकातला कवी लँगलँड हातात दांडके घेऊन, सोबत बायका घेऊन वॉल्सिंगहॅमला निघालेल्या ढोंगी बैराग्यांवर कोरडे ओढतो. चर्चच्या रूढींवर टीका करणाऱ्या लॉलार्ड पंथीयांना मूर्तीची यात्रा म्हणजे निव्वळ भ्रम वाटे. विद्वान लेखक इरॅस्मस १५१२ मध्ये इथे आला तेव्हा त्याने मरियेला ग्रीक पद्य वाहिले. पण १५२६ मध्ये यात्रेविषयी त्याने जो संवाद प्रसिद्ध केला त्यात याच क्षेत्राचे वर्णन आहे, आणि त्याचा सूर बोचरा आहे. अंधाऱ्या लहान खोलीत मेणबत्त्यांच्या उजेडात सोने, चांदी आणि रत्ने झगमगताहेत, काचेच्या कुपीत मरियेचे दूध म्हणून काहीतरी दाखवले जाते आहे, दाखवणारा दक्षिणेसाठी पाटी पुढे करतो आहे. संवादातला मेनेडेमस यात्रेला जातच नाही. आपले घर, मुलीची अब्रू, नोकरांची कामे यांवर लक्ष ठेवत घरात फिरणे हीच आपली तीर्थयात्रा, असे तो सांगतो.

मेनेडेमसचे म्हणणे ऐकताना अरणचे सावता महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत आणि विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असे वारकरी मानतात. पण दोघांत मोठा फरक आहे. मेनेडेमस यात्रेला नकार देतो आणि तिथेच थांबतो. वारकरी परंपरेने सावतोबांना संत मानले, तीर्थांच्या पोकळ कर्मकांडावर कठोर अभंग रचले आणि वारीही चुकवली नाही. देव सगळीकडे आहे हे मान्य करून पायी पंढरीला जाणे यात तिला विसंगती दिसली नाही. इंग्लंडच्या धर्मसुधारकांना हे दोन्ही एकत्र धरता आले नाही, आणि वॉल्सिंगहॅमचे जे झाले ते त्यामुळेच.

राजकारणाचा भाग त्यात अर्थात मोठा होता. मुलगा झाल्यावर १५११ साली आठवा हेन्री इथे यात्रेला आला होता. शेजारच्या बार्शमपासून तो अनवाणी चालत आला असे परंपरा सांगते. त्याच राजाच्या कारकिर्दीत मठांची मालमत्ता जप्त होऊ लागली. १५३७ मध्ये विरोधाचा कट केल्याच्या आरोपावरून अनेकांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत मठाचा उपप्रमुख निकोलस माइलहॅम होता. १५३८ मध्ये इथली मरियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळली गेली आणि मठ बंद झाला. मठाचे आवार पुढे नव्वद पौंडांना विकले गेले. आज तिथे मठ-चर्चच्या पूर्वेकडची प्रचंड कमान एकटी उभी आहे. घराची जागा कोणती हे १९६१ च्या उत्खननात कळले. ती आता नुसती हिरवळ आहे.

या हिरवळीपाशी आल्यावर मूळ प्रश्नाला धार येते. पावित्र्य फक्त वस्तूत असते, तर मूर्ती जळाली त्या दिवशी ते संपायला हवे होते. तसे झाले नाही. दीड मैलावर हॉटन सेंट जाइल्स येथे चौदाव्या शतकातले स्लिपर चॅपल आहे. यात्रेकरू तिथे पादत्राणे काढून शेवटचा टप्पा अनवाणी चालत, असे सांगतात. कित्येक वर्षे ते धान्याचे कोठार आणि गोठा म्हणून वापरात होते. १८९६ मध्ये शार्लट बॉइड या बाईंनी ते विकत घेतले, आणि १९३४ पासून ते रोमन कॅथलिकांचे राष्ट्रीय क्षेत्र झाले. गावात १९२१ साली आलेल्या होप पॅटन या अँग्लिकन धर्मगुरूने मठाच्या जुन्या मोहोरेवरचे चित्र पाहून १९२२ मध्ये नवी मूर्ती घडवून घेतली आणि १९३१ मध्ये पवित्र घर पुन्हा बांधले. नाझरेथच्या घराच्या प्रतिकृतीची ही प्रतिकृती, तीही मूळ जागेवर नाही. बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे चिमुकले प्रार्थनाघर आहे, त्याच्या छपरावर कांद्याच्या आकाराचा लहानसा घुमट आहे.

अँग्लिकन क्षेत्राचा पाया खणताना एक जुनी विहीर लागली. तिच्या पाण्याचा विधी पाहण्यासारखा आहे. माणूस पायऱ्या उतरून खाली जातो, धर्मगुरू त्याला आधी एक घोट पाणी देतात, मग कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि शेवटी ओंजळीत पाणी ओततात. ते पाणी कोणी चेहऱ्याला लावतो, कोणी दुखऱ्या गुडघ्याला. देवळात तीर्थ घेणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. पुरातत्त्वाच्या कसोटीवर या विहिरीचे महत्त्व काय, हा प्रश्न ओंजळ पुढे करणारा विचारत नाही, आणि त्याने तो विचारण्याची गरजही नाही. पाण्याला मोल येते ते मागण्यामुळे. पण मागणे घरात बसूनही करता आले असते, तरी ते करायला माणूस इथवर येतो. विचाराला पाय आणि पाणी लागते, हे मेनेडेमसला उमगले नाही.

सहलकऱ्याचा धंदा वाढल्याने यात्रा बाटली, ही तक्रारही नीट तपासली पाहिजे. मध्ययुगातही इथे कथील-शिशाचे बिल्ले आणि पाण्याच्या कुप्या विकल्या जात. असे बिल्ले नॉरफोकच्या मातीत अजून सापडतात. खाणावळी होत्या, धर्मशाळा होत्या. वांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरातली जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना मेणाचे हात-पाय, मेणबत्त्या आणि खाऊचे ठेले भक्तीच्या आड येत नाहीत हे माहीत आहे. दरवर्षी उन्हाळ्यात ब्रिटनमधले तमिळ कॅथलिक हजारोंनी वॉल्सिंगहॅमला जमतात, त्यांच्याबरोबर हिंदू तमिळही असतात. मिस्सा होते, मिरवणूक निघते आणि कुटुंबे हिरवळीवर डबे उघडून बसतात. ही यात्रा की सहल, असे त्यांना विचारले तर प्रश्नच विचित्र वाटेल. दुसरीकडे मे महिन्याच्या अखेरीस अँग्लिकनांची राष्ट्रीय यात्रा निघते तेव्हा मूर्तिपूजेचा निषेध करणारे प्रॉटेस्टंट फलक घेऊन रस्त्यात उभे असतात. त्यांचा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि श्रद्धेला अजून कोणीतरी एवढे गंभीरपणे घेते ही त्यातली चांगली बाजू.

हा वाद नॉरफोकच्या भूमीवर कसा उमटला ते पाहायचे तर तीन-चार मैलांवरच्या बिनहॅमला जावे. तिथल्या बेनेडिक्टाइन मठाच्या चर्चचा एक भाग आजही गावाचे चर्च म्हणून वापरला जातो. आत जुन्या लाकडी आडपडद्याच्या फळ्या आहेत. त्यांवर संतांची रंगीत चित्रे होती. धर्मसुधारणेच्या काळात त्यांवर पांढरा रंग फासून १५३९ च्या इंग्लिश बायबलमधली वचने काळ्या अक्षरांत लिहिली गेली. काळाच्या ओघात रंग झिजला. आता ओळींच्या मधून संतांचे चेहरे दिसतात, आणि वचनेही वाचता येतात. चर्चने ना चित्रे पुसली, ना अक्षरे खरवडली. दोन्ही बाजूंना जे म्हणायचे होते ते एकाच फळीवर राहिले आहे.

तेव्हा फरक आहे, पण तो माणसामाणसांतला नाही. सहल म्हणजे निवड: पाऊस आला की वॉल्सिंगहॅमऐवजी होल्कम. यात्रा म्हणजे संकल्प: आजारी मुलासाठी, फेडायच्या नवसासाठी, गेलेल्या माणसासाठी. १९४८ पासून होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, विद्यार्थी लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून चालत इथे येतात. पावसाने त्यांची वाट बदलत नाही. पण संकल्प घरूनच करून निघावे लागते असेही नाही. छोट्या गाडीतून मुलांना फिरवायला आलेला बाप विहिरीच्या पायऱ्यांवर थांबला आणि त्याने ओंजळ पुढे केली, तर त्या क्षणापुरता तो यात्रेकरूच. त्याला अडवण्याचा अधिकार कोणत्याही क्षेत्राला नाही, आणि वॉल्सिंगहॅम तो गाजवतही नाही.

वॉल्सिंगहॅमला जाणाऱ्याने शक्य असेल तर गाडी स्लिपर चॅपलपाशी ठेवावी आणि तिथून गावापर्यंत चालत यावे. वाट जुन्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यावरून जाते, सपाट आहे आणि वयस्कांनाही झेपते.