घटकाभर बसणे



आगमनकाळ फार तर २८ दिवसांचा. काही वर्षी तो २२ दिवसांतच आटोपतो. एवढ्यात घराची साफसफाई, खरेदी, करंज्या, गोठा आणि नाताळगीतांचा सराव, सारे बसवायचे असते. अशा वेळी ‘कुणाकडे तरी निवांत जाऊन बसा’ असे सांगणे म्हणजे भरलेल्या पिशवीत आणखी एक नारळ कोंबणे. म्हणून आधी प्रश्न नीट मांडू या. आपला वेळ आपल्या मालकीचा असतो का? असेल, तर एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसणे ही आपली मेहेरबानी. वेळ देवाने सोपवलेला असेल, तर मात्र ते देणे ठरते आणि न फेडलेल्या देण्याला थकबाकी म्हणतात.

पवित्र मरिया अलिशिबेला भेटायला निघाली ती घाईने निघाली, हे संत लूकने मुद्दाम नोंदवले आहे. नाझरेथपासून यहूदाचा डोंगराळ मुलूख शंभरएक किलोमीटर दूर. अलिशिबेचे वय झालेले, त्यात सहावा महिना. पण तिथे पोहोचल्यावर मरियेची घाई संपते आणि ती सुमारे तीन महिने राहते. ‘क’ वर्षात आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी हा उतारा वाचला जातो, परंतु वाचन ४५व्या ओवीला थांबते. त्यामुळे ५६व्या ओवीतले ते तीन महिने त्या दिवशी आपल्या कानांवर पडत नाहीत. आपले बहुधा ह्याच्या उलट चालते. जायला सहा महिने लागतात आणि पोहोचल्यावर निघायची घाई. घरातली आजी विचारते, “घोड्यावर बसून आलात का?” आपण हसतो आणि उभ्या उभ्याच चहा घेतो.

संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’ ह्या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचा फार खोल विचार केला आहे. काळाचे मोजमाप मनात होते, असे तो म्हणतो: गेलेल्याचे स्मरण, समोरच्याकडे अवधान आणि येणाऱ्याची अपेक्षा. पुढच्या घरी जायचे आहे हे डोक्यात ठेवून बसलेल्या माणसाची अपेक्षा त्याचे अवधान खाऊन टाकते. तो खुर्चीवर असतो, पण भेटीत नसतो. १९२९ साली कॅथलिक झालेला फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल ह्याने ह्याच गोष्टीला नैतिक अर्थ दिला. दुसऱ्यासाठी ‘उपलब्ध’ असणे म्हणजे नुसते हजर असणे नव्हे, असा त्याच्या विचाराचा रोख आहे.

ह्यावरून कुणी म्हणेल, मग पाच मिनिटेच द्यावीत, पण मनापासून. हे ऐकायला गोड आहे आणि सोयीचेही. आम्हांला ते पटत नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेऊन जाताना आम्ही धर्मगुरू पाहतो की, पहिली दहा मिनिटे सगळे ‘ठीक’ असते. गुडघा ठीक, झोप ठीक, परदेशातला मुलगाही ठीक. मग पाऊस, विहिरीचे पाणी, शेजारचे लग्न. त्यानंतर कधीतरी, आपण उठत नाही अशी खात्री पटली की, हलक्या आवाजात येते: मुलाचा फोन तीन आठवडे आलेला नाही. ते वाक्य पाच मिनिटांत येत नाही. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. ‘घटकाभर बसा’ असे आपण आजही म्हणतो आणि जुन्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची असते.

पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणाऱ्याला, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या बहिणीला, अंथरुणावरचे माणूस सांभाळणाऱ्या सुनेला हे लागू करू नये. त्यांचा वेळ आधीच कुणाचा तरी झालेला आहे. त्यांच्याकडे आपणच जायला हवे. बाकीच्यांनी मात्र मोबाईलवर पाठवलेल्या शुभेच्छांना भेट समजू नये.

देवालाही मानवजातीला निरोप पाठवून भागवता आले असते. संदेष्ट्यांच्या तोंडून त्याने शतकानुशतके निरोप पाठवलेच. शेवटी तो स्वतः आला आणि आल्याबरोबर कामाला लागला नाही. प्रभू येशूने कार्य आरंभिले तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता, असे लूक सांगतो. त्याआधीची बहुतेक वर्षे नाझरेथच्या एका घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत गेली. त्या वर्षांत काय ‘साध्य’ झाले, असे कुणी विचारले तर शुभवर्तमानात उत्तर जवळजवळ नाहीच.

घराबाहेर पडू न शकणाऱ्या आपल्या धर्मग्रामस्थांकडे ह्या आठवड्यात ज्यांना जायचे असेल, त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. जाताना फराळ नेलाच पाहिजे असे नाही. करंज्या झाल्यावर ताट मागाहून पाठवले तरी चालेल.