विद्यार्थ्याचा प्रश्न कोणाचा?

परभाषेचे साहित्य शिकविणाऱ्या परदेशी अध्यापकाने विद्यार्थ्याची भिन्न अभिरुची समजून घेतली, म्हणजे त्याचे कर्तव्य पूर्ण होते काय? लाफ्काडिओ हर्न १८९० पासून जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होता. इंग्रजी कादंबऱ्यांत प्रेम आणि विवाह यांचाच एवढा पसारा का, असे विद्यार्थी विचारीत, ही नोंद त्याच्या ‘आउट ऑफ द ईस्ट’ (१८९५) या ग्रंथात आहे. मातापित्यांविषयीचे कर्तव्य पत्नीप्रेमाहून श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाला हे विचित्र वाटणारच, असे हर्न सांगतो. एवढ्यावर न थांबता पाश्चात्त्य सौंदर्यदृष्टीवरील स्त्रीप्रतिमेचा प्रभावही तो तपासतो. ही सहृदयता दुर्मीळ होय. तथापि हे विवेचन इंग्रजी वाचकांसाठी आहे. प्रश्न विद्यार्थ्यांचा; त्यातून सिद्धान्त उभारण्याचा अधिकार मात्र अध्यापकाचा राहतो.

हर्ननंतर, १९०३ मध्ये, टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागलेला नात्सुमे सोसेकी हा अधिकार स्वतःकडे घेतो. चिनी अभिजात वाङ्मयावर पोसलेल्या त्याच्या मनाला इंग्रजी साहित्याने आपली फसवणूक केली असे वाटले होते. ही स्वतःच्या रसिकतेतील न्यूनता न मानता त्याने साहित्य म्हणजे काय, हेच मुळापासून विचारले. ‘बुंगाकुरोन’ (१९०७) हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला.

भिन्न अभिरुचीचे कारण सांगणे हा तिचा आदर नव्हे. ती आपल्या निकषांना जो जाब विचारते तो तिच्याच तोंडून ऐकणे, हा आदर होय.